फौजदाराचा उजवा पाय

देवळी, ३ फेब्रुवारी २०२५

कमल,

पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. आत तुझ्या फौजदाराची खबर आहे. तीन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आदेशला लावला तर तो बिचारा "आई पूजेला बसली आहे" म्हणून सांगतो. दुपारी चार वाजता कोणती पूजा गं? पुण्यात देवांचं वेळापत्रक वेगळं असेल तर तेवढं कळव.

आधी महत्त्वाचं. फौजदार जिवंत आहे. परवा सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर, त्याला मोटरसायकलची धडक बसली आणि मागचा उजवा पाय मोडला. मोटरसायकलवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तो हळूच येत होता, फौजदारच एकदम आडवा धावला. कुत्र्याची जात, कशाला बिचकते देव जाणे.

तू जाताना त्याला माझ्या दारावरून नेलंस आणि पलीकडे भैय्याजीच्या हवाली केलंस, माझ्याकडे मान वळवूनही बघितलं नाहीस. ते मी विसरलेले नाही. पण त्या वेळी भैय्याजी ऑटो घेऊन वर्ध्याला गेला होता आणि रस्त्यावर पोचणारी पहिली मी होते. बाकीचे सगळे गोल करून उभे. एक जण म्हणतो, "कायले त्रास देता सिस्टरबाई, एक इंजेक्शन द्या न् सोडवा त्याले." मी म्हटलं, "एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली, ती जगवायसाठी. बाजूला व्हा." आधी त्याच्या तोंडाला पट्टी बांधली, कारण दुखणारं जनावर आपल्या माणसालाही चावतं. मग दोन बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी पाय बांधला. भैय्याजी परत आल्यावर त्याच्याच ऑटोतून वर्ध्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईने एक्स-रे काढायच्या आधी विचारलं, "हे कोणी बांधलं?" मी सांगितलं. "खूप छान बांधलंय, मावशी. हाड बाहेर आलं नाही ते यामुळे." भैय्याजीला विचार, खोटं वाटत असेल तर. त्याच्यासमोर म्हणाली ती.

गुडघ्याखालच्या हाडाचे दोन तुकडे झाले आहेत. ते जुळवून त्यावर धातूची पट्टी बसवायची, स्क्रू लावून. पाय वाचेल असं ती म्हणते, पण वाचेलच असं म्हणत नाही. ऑपरेशन पाच तारखेला आहे.

माझ्या चार कोंबड्या त्याने खाल्ल्या हे मी आजही म्हणते. त्यावरून धनत्रयोदशीला मी तुला जे बोलले ते तू विसरली नसशील, आणि तू मला जे बोललीस तेही माझ्या लक्षात आहे. पण मोडलेला पाय हा मोडलेला पाय असतो. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवते आहे.

मनकर्णा

*

देवळी, ७ फेब्रुवारी

कमल,

ऑपरेशन झालं. पाचचं सहाला झालं, काही कारणाने एक दिवस पुढे गेलं. ते असो.

एक पट्टी आणि सहा स्क्रू! एक्स-रेत असे स्वच्छ दिसतात की दारावर लावून ठेवावासा वाटला. डॉक्टर काजल म्हणून पोरगी आहे, समुद्रपूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. वय किती असेल, तर आपण दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या घरी वाटी मागायला गेलो तेव्हा होतो तेवढंच. मी काचेतून बघत उभी होते. दोन तास तिने मान वर केली नाही. आयुष्यभर मोठमोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहिले, मला हात ओळखता येतो. त्या पोरीचा हात स्थिर आहे.

बाहेर येऊन मास्क काढला आणि म्हणाली, "माझं ऑपरेशन झालं, मावशी. आता तुमचं सुरू." म्हणजे आठ आठवडे. पळायचं नाही, उडी नाही, पायरी नाही. टाके चाटायचे नाहीत. घरातली माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, कुत्र्याला ती विषासारखी बाधते. हे मला नव्याने कळलं, आणि कळलं तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं. शिकायला मी कधीच लाजले नाही, तुला माहीत आहे. लाजते ते दुसऱ्या गोष्टींना.

भुलीतून उठताना त्याने आधी शेपूट हलवलं. डोळे मिटलेलेच होते, नुसतं शेपूट टेबलावर टप टप वाजत होतं. मग डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि शेपूट थांबलं. कोणाची वाट बघत होता ते मला समजलं. तरी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याने तो ठेवू दिला.

भैय्याजीच्या घरात दोन पायऱ्या आहेत, माझ्याकडे एकही नाही. म्हणून तो माझ्याकडे आहे. दुसरं काही कारण नाही.

मनकर्णा

*

देवळी, १५ फेब्रुवारी

कमल,

तुझं उत्तर नाही. चालेल. पत्र परत आलेलं नाही, म्हणजे घेतलंस. मी लिहिते.

गेल्या वर्षी हौसेने टाइल्स बसवल्या तेव्हा तू नाक मुरडून म्हणाली होतीस, "घसरून पडशीन एखाद्या दिवशी." मी नाही पडले, पण फौजदाराचे तीन पाय पहिल्याच दिवशी चार दिशांना गेले. मग सगळ्या घरभर बारदान अंथरलं. चकाचक टाइल्स बारदानाखाली, आणि मी वरून चहा घेऊन चालते. तुझं खरं ठरलं, हस एकदा.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लॅस्टिकचा भोंगा त्याने तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीवर आपटून फोडला. मी जुन्या बादलीचं बूड कापलं, कडेला माझ्या लोकरी मोज्यांची गुंडाळी शिवली आणि ती घातली. डॉक्टर काजलला फोटो पाठवला तर तिने उलट विचारलं, "मावशी, हा फोटो मी दवाखान्यात लावू का?" लाव म्हटलं. आता वर्ध्याच्या दवाखान्यात भिंतीवर तुझा फौजदार बादलीत डोकं घालून बसलेला आहे, आणि खाली माझं नाव.

गोळ्यांचं मात्र विचारू नकोस. भाकरीच्या गोळ्यात घालून दिली तर भाकर खातो आणि गोळी बाजूला ठेवतो, अगदी प्रामाणिकपणे, जप्तीचा माल पंचांसमोर ठेवावा तशी. तू त्याचं नाव काय विचार करून ठेवलं होतंस! शेवटी उकडलेल्या काळजाच्या तुकड्यात खुपसून दिली तेव्हा गेली.

दिवसातून तीन वेळा पाय हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा. प्रत्येक वेळी पंधरा वेळा. सुरुवातीला तो कण्हायचा आणि मला सुचायचं नाही, म्हणून मी मोजताना मोठ्याने मोजायला लागले. आता मी "एक" म्हटलं की तो स्वतःच पाय पुढे करतो. बाहेर न्यायचं तर पोटाखालून टॉवेलची झोळी धरून न्यायचं, मागचा भार त्याच्या पायावर येऊ नये म्हणून. अशी आमची वरात रोज सकाळी कडुनिंबापर्यंत जाते. भैय्याजी ओट्यावरून ओरडतो, "सिस्टरबाई, कुत्रा तुमचा का कमलाबाईचा?" मी म्हणते, "कुत्रा तिचा, पाय माझा."

मनकर्णा

*

देवळी, २७ फेब्रुवारी

कमल,

टाके निघाले. जखम अशी भरली आहे की नुसती रेघ उरली. डॉक्टर काजलने बोट फिरवून बघितलं आणि दवाखान्यात बसलेल्या बाकीच्या माणसांना सांगितलं, "काळजी घ्यावी तर अशी." येताना मी भैय्याजीला ऑटो देवळीच्या बाजारातून घ्यायला लावला. सरळ रस्त्याने आलो असतो तर कोणाला दिसलं असतं?

आणि काल, बुधवारी, झोळी धरलेली असताना त्याने उजवा पाय जमिनीला टेकवला. नखं नुसती लागली, परत उचलला. मग पुन्हा टेकवला. मी टॉवेल धरून तिथेच उभी राहिले, हलले नाही. रडले, कमल. लोकांची बाळंतपणं करताना कधी रडले नाही ती मी कुत्र्याच्या एका पावलासाठी रडले.

कालच एक कोंबडी गेली. तांबडी, सगळ्यांत जास्त अंडी देणारी. असो.

मनकर्णा

*

देवळी, १० मार्च

कमल,

मागच्या पत्रात मी "असो" लिहिलं. त्याआधीच्या एका पत्रातही लिहिलं होतं. दोन्ही "असो" तेव्हापासून घशात अडकले आहेत, आणि आता ते काढते. हे पत्र लांब होईल. बसून वाच.

तांबडी गेली त्या वेळी फौजदार माझ्या घरात होता. गळ्यात बादली, पायात पट्टी आणि सहा स्क्रू, पलंगाच्या खुराला बांधलेला. दार बंद आणि किल्ली माझ्या कंबरेला. मी दूध आणायला गेले ती वीस मिनिटांत परत आले, तेवढ्यात तांबडी गायब आणि मागच्या अंगणात पिसं. मी तिथे बघत उभी राहिले. घरात तो बादलीतून भुंकत होता, बेंबीच्या देठापासून. तो तसाच भुंकायचा, कमल, आधीही. मला वाटायचं चोरी करून वर दादागिरी करतो.

मग मी दोन दिवस खुर्ची टाकून मागच्या दारात बसले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पऱ्हाटीच्या ढिगातून मुंगूस निघालं. मीच जळतणाला म्हणून कापसाच्या झाडांचा तो ढीग रचला होता, खुराड्यापासून चार हातांवर. त्याच्या आत, बुडाशी, चारही कोंबड्यांची पिसं सापडली. जुनी, दिवाळीआधीची. तशीच कबरी पिसंसुद्धा, जशी मुठीत धरून मी धनत्रयोदशीला तुझ्या दारात आले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं. आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर तुला म्हणाले, "जशी मालकीण तसा कुत्रा." शब्द नीट आठवतात मला. तू शेजारच्या बायकांसाठी करंज्यांचं ताट भरून ठेवलं होतंस, ते तुझ्या हातात होतं.

हे झालं एक. आता दुसरं.

फौजदार एक फेब्रुवारीला कशाला बिचकला ते देव जाणत नाही, मी जाणते. तो माझ्या खुराड्याजवळ उभा होता आणि भुंकत होता. मी चुलीपाशी होते. हाताला आलं ते लाकूड उचललं आणि फेकलं. लाकूड त्याला लागलं नाही. पण तो जीव घेऊन रस्त्याकडे पळाला, आणि पुढचं तुला लिहिलंच आहे. तो बहुतेक मुंगसाला भुंकत होता. माझ्याच कोंबड्या राखत होता, आणि मी त्याच्यावर लाकूड फेकलं. म्हणून पहिली मी पोचले, कमल. मी धावत गेले नव्हते, मी त्याच्या मागेच पळत होते.

आता तिसरं. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय.

ऑपरेशन एक दिवस पुढे का गेलं? डॉक्टर काजलने आदल्या दिवशी बजावलं होतं, "रात्री आठनंतर काही द्यायचं नाही. सकाळी पाण्याचा थेंबही नाही." मी हसले. म्हटलं, "हे तुम्ही मला सांगता? एकतीस वर्षं मी वॉर्डात हेच ओरडत आले." आणि सकाळी सात वाजता भैय्याजीचा ऑटो दारात उभा, फौजदार माझ्याकडे बघतोय, आणि मी फ्रिज उघडून वाटीत दही काढलं. वर साखर घातली. अर्धी पोळी कुस्करली. त्याने चाटून पुसून खाल्लं.

दवाखान्यात तिने विचारलं, "उपाशी आहे ना, मावशी?" मी म्हटलं, "हो."

पहिल्या इंजेक्शनने त्याला गुंगी आली आणि त्याला उलटी झाली. पांढरं दही. त्यातलं काही घशात अडकलं, तो घुसमटला, जीभ निळी व्हायला लागली. त्या पोरीने त्याचं डोकं खाली केलं, तोंडात बोटं घालून घसा मोकळा केला, नळी लावून ओढून काढलं. दोन मिनिटं लागली असतील. मी भिंतीला टेकून उभी होते. मग त्याने श्वास घेतला. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "भूल पूर्ण चढल्यावर हे झालं असतं तर तो गेला असता. तुम्ही तर सिस्टर होता ना, मावशी?" त्या दिवशी त्याला तिथेच ठेवून घेतलं, छातीचा एक्स-रे काढला, आणि सगळं स्वच्छ आहे बघून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं.

मी सिस्टर होते म्हणूनच दिलं गं.

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या यजमानांना, प्रेमदासभाऊंना, नागपूरला पोटाच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा तुझ्याबरोबर मी होते. ऑपरेशनच्या सकाळी तू घरून आणलेलं दही काढलंस, पितळेच्या वाटीत, वर साखर. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवतात तेवढंच, एक चमचा. आणि मी वॉर्डाच्या दारात तुझ्या हातातून वाटी काढून घेतली. म्हटलं, "वेडी झालीस का? ऑपरेशन आहे, लग्न नाही." ते हसले. मला म्हणाले, "राहू द्या वहिनी, आल्यावर खाईन." ते आत गेले आणि त्यांचं हृदय टेबलावर थांबलं. कोणाची चूक नव्हती. ती वाटी दिवसभर माझ्या हातात होती.

अकरा वर्षांत तू एकदाही त्यावर बोलली नाहीस. मला वाटलं विसरलीस. मग धनत्रयोदशीला, मी "जशी मालकीण" म्हटल्यावर, तू करंज्यांचं ताट खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "तुह्या हातानं माह्या माणसाले उपाशी पाठवलं, मी कधी काई म्हटलं का तुले?" आणि दार लावून घेतलंस.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच आहे. म्हणून त्या सकाळी ऑटो दारात उभा असताना मला नियम आठवला नाही, तुझं वाक्य आठवलं. तुझ्या घरातला दुसरा जीव माझ्या हातून उपाशी जाऊ नये, एवढंच. आणि तेच करताना मी त्याला मारत होते. नियम पाळला तेव्हा तुझं मन मोडलं, नियम मोडला तेव्हा तुझा कुत्रा जात होता. मला दोन्ही वेळा बरोबर वागायचं होतं, कमल.

आता तुला सगळं माहीत आहे. हे पत्र फाडलंस तरी चालेल.

मनकर्णा

*

देवळी, १५ मार्च

कमल,

छोटं पत्र आहे.

मी चूक गल्लीसमोर केली, तर माफी घरात बसून पत्रात मागणं बरोबर नाही, असं मला वाटलं. परवा होळी पेटवायला सगळे जमले होते. नारळ टाकून झाला, बोंबा मारून झाल्या, तेव्हा मी फौजदाराला झोळीशिवाय, नुसत्या दोरीने धरून पुढे आले. चार पायांवर! थोडा लंगडतो, पण चार. सगळे बघायला लागले, आणि मी बोलले. म्हटलं, "फौजदारानं माझी एकही कोंबडी खाल्ली नाही. मुंगसानं खाल्ल्या. मी कमलला जे बोलले ते खोटं होतं. त्याचा पायही माझ्यामुळे मोडला." माझा आवाज थरथरला नाही.

मग भैय्याजी म्हणाला, "अवो सिस्टरबाई, तुमी न् माफी! थांबा, मोबाईल काढू द्या, पुन्हा एक डाव बोला." आणि मी पुन्हा बोलले. अगदी पहिल्यापासून, शब्द न् शब्द. त्याने चित्रण करून आदेशला पाठवलं म्हणे. पाठवू दे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला दोन वेळा शाल-श्रीफळ मिळालं, पण त्या दिवशी घरी परतताना जेवढी ताठ चालले तेवढी तेव्हाही चालले नव्हते.

पऱ्हाटीचा ढीग हलवला आहे. खुराड्याला नवी जाळी लावली. मुंगूस पलीकडच्या शेतात गेलं, त्याचंही पोट आहे.

मनकर्णा

*

देवळी, २५ मार्च

कमल,

काल पोस्टमनने कार्ड आणून दिलं. वर पत्ता माझा, पण नाव कोणाचं? "फौजदार, द्वारा मनकर्णाबाई." पोस्टमन विचारतो, "हा कोण पाहुणा आला जी?" मी दाराकडे बोट दाखवलं. तो उंबऱ्यात उन्हाला पडला होता.

मी कार्ड त्याला वाचून दाखवलं. त्याच्या नावाचं होतं, मला परस्पर वाचायचा हक्क नव्हता. आणि मोठ्याने वाचलं, म्हणून मला दोनदा थांबावं लागलं. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी पुन्हा लिहून काढते. मला ते माझ्या अक्षरात बघायचं आहे.

"फौजदार बेटा, सहाही पत्रं वाचली, एकबी फाडलं नाई. त्या बाईशी मी बोलत नाई म्हणून तुले लिहून राह्यली. तिले सांगजो, तुह्या मालकाले उपाशी पाठवलं ते तिनं बरोबरच केलं होतं. मले तवाच समजत होतं. पण राग कुठीतरी ठेवा लागते ना बेटा. मी तिच्यापाशी ठेवला, तिच्यापाशी जागा होती म्हणून. मी अठ्ठावीसले येतो. पितळेची वाटी माह्या कपाटात खालच्या खणात हाय, फडक्यात बांधून. तीन तारखेले तुह्या पायाचा शेवटचा फोटो काढायचा हाय म्हणे, मीबी संग येईन. डॉक्टरीणबाई 'झालं' म्हणली का मंग त्या वाटीत तुले दही-साखर देऊ. आधी नाई. तिले नीट सांगजो, आधी नाई."

मी त्याला नीट सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, उठला, अंग झटकलं आणि बाहेर पडला. दोरी नव्हती. मी थांबवलं नाही, मागे मागे गेले. तो कडुनिंबापाशी थांबला नाही, भैय्याजीकडेही वळला नाही. सरळ तुझ्या कुलूप लावलेल्या दारापाशी गेला आणि उंबऱ्याला नाक लावून बसला. जाताना उजवा पाय प्रत्येक पावलाला टेकत होता. मी मोजलं. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत त्रेसष्ट पावलं, आणि एकदाही उचलला नाही. सगळी गल्ली बघत होती आणि मी कोणाला सांगायला गेले नाही, ज्याचं त्याला दिसत होतं.

अठ्ठावीसला आम्ही दोघं भैय्याजीच्या ऑटोने वर्धा स्टेशनवर असू. तू माझ्याशी बोलू नकोस, त्याच्याशी बोल, मी शेजारी उभी राहून ऐकेन. गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवणार आहे. तिथून पुढे तो चालत नेईल तुला, बघशील तू.

कार्डाचं ऐकून भैय्याजीने त्याच्याकडे असलेली तुझी किल्ली माझ्या हातात दिली होती, वाटी काढून घासून ठेवा म्हणून. मी ती परत केली. कुलूप तू उघड, वाटी तू काढ. दही मी विरजून ठेवते.

तुझी शेजारीण,
मनकर्णा